दोन कोटी पस्तीस लाखांचा डावा कोपरा

व्यावसायिक खेळातील एखाद्या संघाने परदेशातील तरुण आणि महागड्या खेळाडूवर आपल्या खर्चाचा मोठा वाटा लावावा की नाही, या प्रश्नाचा सर्वांत पद्धतशीर खल अमेरिकेतील बेसबॉलमध्ये झालेला आहे. महाराष्ट्रात मात्र तो कबड्डीच्या निमित्ताने उभा राहिला, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाच्या लिलावात घडले. त्या लिलावात पुण्याच्या पुणेरी पलटण या संघाने इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शाडलू याला २ कोटी ३५ लाख रुपयांना विकत घेतले. तोवर कोणत्याही परदेशी कबड्डीपटूला एवढी रक्कम मिळालेली नव्हती, शाडलूचे वय तेविशीच्या आसपास होते, आणि संपूर्ण संघ उभा करण्यासाठी प्रत्येक मालकाला आखून दिलेली खर्चमर्यादा, जिला लिलावाच्या सभागृहात सगळेच ‘पर्स’ म्हणतात, ती अवघी पाच कोटींची होती. म्हणजे पंचवीस जणांपर्यंत वाढू शकणाऱ्या ताफ्यातील एका माणसावर जवळजवळ सत्तेचाळीस टक्के रक्कम खर्ची पडली.

हा व्यवहार पुण्याचा असला तरी त्यामागील पेच महाराष्ट्राच्या गावागावांत जुना आहे. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातले पुसेगाव हे सोयाबीन आणि हळदीच्या पट्ट्यातले, संत नामदेवांच्या नर्सीच्या परिसरातले गाव. सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे आणि बैलबाजारामुळे ज्याचे नाव राज्यभर झाले ते साताऱ्यातील पुसेगाव वेगळे, आणि हिंगोलीच्या पुसेगावकरांना हा खुलासा बाहेरगावी बहुधा करावाच लागत असणार. मराठवाड्यातील अशा गावांत यात्रा, जयंती किंवा एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस अशा निमित्ताने कबड्डीचे सामने भरतात. मैदानावर पाणी मारून, माती दाबून, फक्कीने रेषा आखल्या जातात आणि भोंग्यावरून संघांची नावे पुकारली जातात. या सामन्यांच्या जाहिरातीत बक्षिसाच्या रकमेखालोखाल महत्त्वाची ओळ असते ती ‘एक गाव, एक संघ’ ही. या अटीचा अर्थ असा, की संघातील सातही खेळाडू आणि राखीव गडी त्याच गावचे रहिवासी असले पाहिजेत, आणि त्यासाठी आधारकार्ड दाखवावे लागते. ज्या सामन्यांत ही अट नसते त्यांना खुला गट म्हणतात, आणि तेथे गावाचे नाव लावून उतरणाऱ्या संघात दोन-तीन चढाईपटू तालुक्याबाहेरून, प्रसंगी जिल्ह्याबाहेरून, येण्याजाण्याचा खर्च आणि बक्षिसातील वाटा ठरवून आणलेले असतात. ही अट मुळात घालावी लागली, यातच बाहेरचा गडी आणण्याचा मोह किती मोठा आणि किती सार्वत्रिक आहे हे दिसते. बक्षीस बाहेरच्याने मिळवून दिले तर गावची पोरे खेळायला कधी शिकणार, हा पारावरचा आक्षेप आणि संघाच्या ताळेबंदातील आक्षेप यांत फरक आहे तो केवळ शून्यांचा.

शाडलूच्या किमतीचे मोल समजण्यासाठी कोपरारक्षकाचे काम आधी समजून घेतले पाहिजे, कारण जाणकार सोडले तर बहुतेक प्रेक्षकांचे लक्ष चढाई करणाऱ्यावरच खिळलेले असते. बचाव करणाऱ्या सात जणांची साखळी अर्धवर्तुळात उभी राहते. तिच्या दोन टोकांना डावा आणि उजवा कोपरा असतो, त्यांच्या आत मध्यरक्षक असतात. चढाईपटूला चढाई वैध ठरवण्यासाठी निदान रेषा ओलांडावी लागते, आणि समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतील तर त्यापलीकडील बोनस रेषेवर एक पाय टेकवून दुसरा हवेत ठेवला की एक गुण कोणालाही न शिवता मिळतो. नेमक्या या क्षणी, जेव्हा चढाईपटूचा तोल एका पायावर असतो, तेव्हा कोपरारक्षक खाली झेपावून त्याचा घोटा धरतो. तो अर्धा क्षण उशिरा झेपावला तर पकड निसटते, तो स्वतः बाद होतो आणि विरुद्ध संघाला गुण मिळतो, आणि अर्धा क्षण आधी झेपावला तर चढाईपटू त्याच्या पाठीवरून उडी मारून निघून जातो. कोपरा बाद होऊन बाहेर बसला की उरलेल्या साखळीची एक बाजू उघडी पडते, आणि पुढच्या दोन-तीन चढायांत संघावर लोण, म्हणजे सर्व गडी बाद झाल्याबद्दल प्रतिपक्षाला मिळणारे दोन अधिक गुण, चढण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे चांगल्या कोपरारक्षकाची किंमत त्याने केलेल्या पकडींइतकीच त्याच्या भीतीने न घेतल्या गेलेल्या बोनस गुणांमध्ये असते, आणि हे न घेतलेले गुण कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाहीत.

शाडलूच्या बाबतीत जे गुणपत्रिकेत दिसत होते तेही थोडेथोडके नव्हते. आठव्या हंगामात पाटणा पायरेट्स संघाने त्याला ३१ लाखांना घेतले तेव्हा तो लीगला नवखा होता, आणि त्या एकाच हंगामात ८९ पकड-गुण मिळवून तो सर्वोत्तम बचावपटू ठरला; पाटणा अंतिम सामन्यात दिल्लीकडून ३६-३७ असा एका गुणाने हरले. नवव्या हंगामात त्याने दिल्लीविरुद्ध एका सामन्यात पकडीचे १६ गुण मिळवून लीगचा उच्चांक केला. तेव्हा पुण्याने घेतलेला खेळाडू तरुण असला तरी अजमावलेला होता, आणि या एका बाबतीत त्याची तुलना बेसबॉलमधील कोवळ्या परदेशी मुलांशी सरळसरळ करता येत नाही.

बेसबॉलमध्ये हा व्यवहार अधिक अंधारात होतो. अमेरिकी लीगमधील तीस संघ डॉमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला, क्युबा अशा देशांतील मुलांशी सोळाव्या वर्षापासून करार करू शकतात. मुलाला मुख्य संघात पोहोचायला पाच-सात वर्षे लागतात आणि बहुसंख्य मुले तेथवर पोहोचतच नाहीत. २०१५ च्या आरंभी बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने योआन मोन्काडा या एकोणीस वर्षांच्या क्युबन खेळाडूला ३ कोटी १५ लाख डॉलर दिले, आणि ठरलेली मर्यादा ओलांडल्याबद्दल जवळपास तितकाच दंड लीगला भरला. मोन्काडा बोस्टनकडून केवळ आठ सामने खेळला. एवढ्यावरून हा खर्च वाया गेला असे म्हणावे, तर डिसेंबर २०१६ मध्ये त्याच मोन्काडाला आणि इतर काही तरुणांना शिकागोच्या हवाली करून बोस्टनने ख्रिस सेल हा गोलंदाज मिळवला, आणि २०१८ च्या विश्व मालिकेचा शेवटचा फलंदाज सेलनेच बाद केला. याच संघाने २०१४ मध्ये रुस्ने कास्तियो या दुसऱ्या क्युबन खेळाडूला सात वर्षांसाठी सव्वासात कोटी डॉलर कबूल केले होते, आणि तो बहुतेक काळ दुय्यम संघातच राहिला. कास्तियो वयाने मोठा होता, करार लांबचा होता आणि त्या किमतीला त्याला घ्यायला दुसरे कोणी तयार नव्हते.

या दोन उदाहरणांतून निघणारा धडा कबड्डीला लागू करताना एक गोष्ट विसरता कामा नये. बेसबॉलमध्ये तरुण खेळाडू हा संघाच्या मालकीचा ठेवा असतो, जो मोडून दुसरे काही घेता येते. प्रो कबड्डीत तशी सोय नाही. खेळाडू दुसऱ्या संघाकडे गेला म्हणून आधीच्या संघाच्या तिजोरीत काही पडत नाही. काही खेळाडू लिलावापूर्वी राखून ठेवता येतात, आणि आपला सोडलेला खेळाडू दुसऱ्याने बोलीत जिंकला तर तेवढ्याच रकमेला परत घेण्याचा मर्यादित हक्कही असतो, पण दोन्ही मार्गांनी ती रक्कम पुन्हा पर्समधूनच वजा होते. पुण्याने २ कोटी ३५ लाख दिले ते शाडलूच्या भविष्यासाठी नव्हेत, तर त्याच्या वर्तमानासाठी. ‘तरुण आहे, दहा वर्षे खेळेल’ हे विधान त्याच्या स्वतःच्या दृष्टीने आनंदाचे असले तरी संघाच्या हिशेबात त्याला जवळजवळ काही किंमत नाही.

क्रिकेटमधील आयपीएलशी तुलना केली की या रकमेचे वजन आणखी स्पष्ट होते. तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आला त्या २०२२ साली चेन्नईने त्याला दीड कोटींना घेतले. पहिल्या वर्षी त्याला एकही सामना मिळाला नाही, दुसऱ्या वर्षी दोन मिळाले, आणि २०२५ च्या हंगामासाठी लखनऊने त्याला ३० लाखांना घेतले. उलट राजस्थानने नोव्हेंबर २०२४ मध्ये १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाखांना घेतले आणि त्याने पुढच्या एप्रिलमध्ये जयपूरला ३५ चेंडूंत शतक ठोकले. मराठवाड्यातील वाचकाला हंगरगेकरची कहाणी जवळची आणि हळहळ लावणारी वाटेल, परंतु चेन्नईची पर्स ९० कोटींची होती आणि दीड कोटी हा तिचा पावणेदोन टक्क्यांहून कमी भाग होता. राजस्थानने सूर्यवंशीवर १२० कोटींतील एक टक्काही लावला नव्हता. आयपीएलचे संघ अशा चार-पाच मुलांवर पैसे लावून चारांचा विसर पडू देऊ शकतात. कबड्डीत एका माणसावर निम्मी पर्स लावणाऱ्याला विसरण्याची चैन नसते.

लिलावाच्या पद्धतीतच एक दोष दडलेला आहे, ज्याला अर्थशास्त्रात विजेत्याचा शाप म्हणतात. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून तीन अमेरिकी तेल अभियंत्यांनी १९७१ मध्ये तो प्रथम नीट मांडला. जमिनीखाली तेल किती आहे हे कोणालाच नेमके ठाऊक नसते. प्रत्येक कंपनी आपापला अंदाज बांधून बोली लावते, आणि ज्या कंपनीचा अंदाज सर्वाधिक फुगलेला असतो तिलाच क्षेत्र मिळते, म्हणून जिंकणारा बहुधा खऱ्या किमतीहून अधिक मोजतो. प्रो कबड्डीच्या लिलावांवर नजर टाकली तर या शापाचे दाखले चटकन सापडतात. २०१८ मध्ये हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयतला १ कोटी ५१ लाखांना घेतले, त्या वर्षीची ती सर्वोच्च बोली होती, आणि हरियाणा आपल्या गटात तळाला राहिले. २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई सर्वांत महाग ठरला. आदल्या वर्षी यू मुम्बाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले होते आणि त्याने पदार्पणातच दोनशेहून अधिक चढाई-गुण मिळवले होते. तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. सिद्धार्थने पुन्हा दोनशेचा टप्पा ओलांडला, म्हणजे खेळाडू कुठेच कमी पडला नाही, तरीही टायटन्स बारा संघांत अकरावे आले, आणि त्याला गमावलेल्या मुम्बाने उपांत्य फेरी गाठली. पुढे खांद्याच्या दुखापतीने सिद्धार्थचा आठवा हंगाम तीन सामन्यांतच आटोपला. नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले. तो पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, आणि गंमत अशी की त्याच्याविना खेळून थलैवाजनी प्रथमच उपांत्य फेरी गाठली.

शाडलूच्या लिलावात त्याच्याहून महाग ठरलेला खेळाडू हाच पवन होता. टायटन्सने त्याला २ कोटी ६० लाख ५० हजारांना, म्हणजे पर्सच्या निम्म्याहून अधिक रकमेला घेतले. दोन्ही व्यवहार शेजारी ठेवले की सोपे स्पष्टीकरण गळून पडते. एका खेळाडूवर भरमसाट खर्च केल्यामुळे उरलेला संघ दुबळा होतो, असे म्हणावे तर पुण्याकडे बाकीच्यांसाठी २ कोटी ६५ लाख उरत होते आणि टायटन्सकडे सुमारे २ कोटी ४० लाख; हा पंचवीस लाखांचा फरक काही आकाशपाताळाचा नव्हे. हंगामाच्या अखेरीस मात्र पुणे ९६ गुणांसह गुणतक्त्यात पहिले होते, आणि टायटन्स बावीसपैकी दोनच सामने जिंकून शेवटचे. पवन स्वतः दोनशेहून अधिक चढाई-गुण मिळवून गेला. चढाईपटू विरुद्ध कोपरारक्षक असा या फरकाचा अर्थ लावता येईल, आणि त्यात थोडे तथ्यही आहे, कारण चढाईपटू बाद झाल्यावर त्याला परत मैदानात आणण्याचे काम इतरांच्या पकडींवर अवलंबून असते, आणि ज्या संघाला पकडी करता येत नाहीत त्याचा सर्वांत महाग माणूस बाकावर बसून सामना पाहतो. पण खरे कारण लिलावाच्या सभागृहाबाहेर शोधावे लागते.

पुण्याने शाडलूवर बोली लावली तेव्हा पुण्याचा संघ जवळजवळ तयार होता. प्रो कबड्डीच्या नियमांत १८ ते २२ वर्षे वयाच्या, लिलावात न उतरलेल्या मुलांना थेट करारबद्ध करण्याची तरतूद आहे. त्यांना नवे युवा खेळाडू म्हणतात, त्यांचे मानधन ठरलेल्या मर्यादेत असते आणि पुढील काही हंगाम त्यांना राखून ठेवता येते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार याच वाटेने आठव्या हंगामात पुण्यात आला. त्याच्यासह मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, उजवा कोपरा सांभाळणारा गौरव खत्री आणि मध्यरक्षक अबिनेश नादराजन, संकेत सावंत यांना पुण्याने दहाव्या हंगामाच्या लिलावाआधीच राखून ठेवले होते. ही मुले एकत्र वाढली होती, नवव्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत जाऊन जयपूरकडून २९-३३ अशी हरलीही होती, आणि त्या अंतिम सामन्यात अस्लम आणि मोहित दुखापतीमुळे खेळू शकले नव्हते. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांना लिलावातून सात जण शोधायचे नव्हते; एक डावा कोपरा शोधायचा होता.

आदल्या वर्षी त्या जागेवर १ कोटी ३८ लाखांना घेतलेला फझल अत्राचली हा इराणीच होता, आणि तो संघाचा कर्णधारही होता. म्हणजे महागड्या परदेशी कोपऱ्याचा प्रयोग पुण्याला नवा नव्हता. नवे होते ते वय आणि त्यासाठी मोजलेली जास्तीची सुमारे एक कोटीची रक्कम. अत्राचली तिशी ओलांडलेला, साखळीला बोलून हलवणारा, सावध खेळाडू. शाडलू चढाईपटूवर स्वतःहून धावून जाणारा, कधी फसणारा, आणि वेळ पडली तर चढाईलाही जाणारा. अनुभवी माणसाला सोडून तरुणाला घेताना संघाने शहाणपणाचा थोडा तोटा पत्करला, तो वयाच्या मानाने प्रौढ असलेल्या अस्लमला कर्णधार करून भरून काढला. आणखी एक योगायोग असा, की लिलावाच्या दोन दिवस आधी, ७ ऑक्टोबरला, हांगझौच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांचा अंतिम सामना पंचांच्या निर्णयावरून तासभर अडला होता आणि भारताने तो ३३-२९ असा जिंकला होता. अस्लम एका बाजूला होता, शाडलू दुसऱ्या. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हे दोघे एकाच जर्सीत हरियाणाविरुद्ध उतरले, आणि पुण्याने २८-२५ अशा विजयाने आपले पहिले विजेतेपद मिळवले. शाडलूने त्या हंगामात ९९ पकड-गुण घेतले. विजेत्या संघाचे बक्षीस ३ कोटींचे होते, तेव्हा निव्वळ रोकड जमाखर्चातही हा सौदा आतबट्ट्याचा ठरला नाही. अर्थात असा हिशेब निकाल लागल्यावरच मांडता येतो, बोली लावताना नव्हे.

परदेशी, त्यातही इराणी खेळाडूला इतकी रक्कम का, असा कुरकुरीचा सूर मराठी कबड्डी वर्तुळात निघतो, आणि तो केवळ संकुचितपणातून निघतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. कबड्डीचे नियम बांधण्यात महाराष्ट्रातील मंडळांचा मोठा वाटा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. बुवा साळवी यांनी आयुष्य या खेळाला दिले आणि त्यांचा जन्मदिवस १५ जुलै हा कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. एवढा वारसा असताना सर्वांत महाग कोपरारक्षक तेहरानच्या विमानाने यावा, हे सलणारच. परंतु खेळ बाहेर नेला की शिकणारे परत येऊन हरवतात, हाही त्याच वारशाचा भाग आहे. २०१८ च्या जाकार्ता स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य फेरीत २७-१८ असे हरवले आणि महिलांनी अंतिम सामन्यात २७-२४ असे. त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. कुस्तीच्या दीर्घ परंपरेत वाढलेल्या इराणी मुलांची कंबर आणि पायांची पकड घट्ट असते, हे कबड्डीतले कोणीही कबूल करील, आणि लिलावात पैसा मोजला जातो तो या घट्टपणासाठी, पासपोर्टसाठी नव्हे.

या व्यवहाराची खरी परीक्षा पुण्याने शाडलूला सोडल्यावर झाली, आणि क्रीडाशास्त्रात क्वचितच मिळणारी एक सोय त्यामुळे हाती आली: तोच खेळाडू, तीन वर्षे, तीन संघ. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले. हरियाणा हे आदल्या अंतिम सामन्यातले उपविजेते. जयदीप दहिया, राहुल सेठपाल यांचा बचाव आणि विनय, शिवम पटारे यांच्या चढाया त्यांनी टिकवून ठेवल्या होत्या, म्हणजे त्यांचाही संघ एका माणसापुरता अपुरा होता. २९ डिसेंबरला पुण्यातच झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी पाटण्याला ३२-२३ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पुणे त्या हंगामात बाद फेरीतही पोहोचले नाही. २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने शाडलूसाठी २ कोटी २३ लाख मोजले, आणि गुजरातला पहिल्या आठांतही जागा मिळाली नाही. त्याच लिलावात २ कोटी साडेवीस लाखांना देवांक दलाल या चढाईपटूला घेणारे बंगाल वॉरियर्स तळाला गेले. शाडलू जिथे जातो तिथे चषक जातो, हा दोन वर्षांत रूढ झालेला समज तिसऱ्या वर्षी मोडला. दोन ठिकाणी तो शेवटची जागा भरायला गेला होता, तिसऱ्या ठिकाणी त्याच्याभोवती संघ उभा करण्याचा प्रयत्न झाला.

तीन हंगामांवरून सिद्धान्त मांडणे धाडसाचे आहे, हे मान्य करून पुढे जावे लागेल. अकराव्या हंगामात पुणे घसरले ते शाडलू गेल्यामुळे की अस्लमच्या दुखापतीमुळे, हे वेगळे काढता येत नाही, आणि दोन्ही कारणे असण्याचीच शक्यता जास्त. पण बाराव्या हंगामातील पुणे पाहिले की तोल एका बाजूला झुकतो. अजय ठाकूर यांच्या मार्गदर्शनाखाली, अस्लम, पंकज, गौरव, अबिनेश ही जुनी मुले पुन्हा जमवून, आणि शाडलूच्या निम्म्याहून कमी किमतीला अनुभवी चढाईपटू सचिन तंवर घेऊन हा संघ अंतिम सामन्यात गेला, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीकडून २८-३१ असा हरला. विजेत्यांच्या बचावात फझल अत्राचली उभा होता. शाडलू नसताना पुणे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचू शकते, आणि घरची मुले नसताना शाडलू कोणालाही तेथवर नेऊ शकत नाही, इतके तरी या नोंदींवरून म्हणता येते. म्हणून अशा खेळाडूला घ्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वयात, देशात किंवा पकडींच्या संख्येत नसून घेणाऱ्या संघाच्या राखीव यादीत आहे: ज्या संघाचे सहा गडी लिलावाआधीच ठरलेले आहेत त्याने पर्सची निम्मी रक्कम सातव्यावर खुशाल उधळावी, आणि ज्याला सात शोधायचे आहेत त्याने पहिल्याच दिवशी हात वर करू नये. प्रत्यक्षात उलट घडते, कारण रिकाम्या संघाकडेच पर्स सर्वांत भरलेली असते, आणि भरलेली पर्स घेऊन बसलेल्या मालकाला पहिल्या तासात टाळ्या हव्या असतात.

पुसेगावच्या दृष्टीने या आकड्यांत लिलावातल्या सर्वोच्च बोलीपेक्षा सर्वांत खालची रक्कम महत्त्वाची आहे. दहाव्या हंगामात खेळाडूंचे चार गट होते, आणि सर्वांत खालच्या ड गटाची मूळ बोली ९ लाख होती. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात तोही मिळताना मारामार होती. हमीभावानेच धरले तरी ९ लाख म्हणजे १८४ क्विंटल, आणि एकरी दहा क्विंटल उतारा असा उदार अंदाज केला तरी अठरा-एकोणीस एकरांचे संपूर्ण पीक, तेही बियाणे, फवारणी, मजुरी न वजा करता. सेनगाव तालुक्यातील कोरडवाहू कुटुंबाला ही रक्कम केवढी आहे हे वेगळे सांगायला नको. शाडलूसाठी मोजलेल्या कोटींमुळे ही खालची रक्कम आकसते, अशी तक्रार ऐकू येते. पुण्याच्या उदाहरणात तर महागडा गडी परवडला तोच मुळी स्वस्तात वाढवलेल्या मुलांमुळे. ज्या संघाला एका माणसावर दोन कोटी घालायचे आहेत त्याला अठरा ते बावीस वर्षांची, थोड्या मानधनावर खेळणारी मुले शोधत गावोगाव फिरावेच लागते, आणि पुणेरी पलटणने त्यासाठी युवा पलटण नावाचा वेगळा संघच उभा केला.

या शोधात मराठवाड्याचा वाटा अजून लहान आहे, आणि त्याची कारणे मुलांच्या ताकदीत नाहीत. राज्य अजिंक्यपद स्पर्धेतील संघ जिल्हावार निवडले जातात, आणि निरीक्षकांची नजर ठाणे, पुणे, मुंबई, रायगड, कोल्हापूर, अहिल्यानगर अशा बलाढ्य जिल्ह्यांच्या सामन्यांवर आधी जाते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा त्या यादीत खाली राहतो. दुसरे कारण मॅट. गावचे सामने मातीवर, अनवाणी आणि वजनगटांत होतात. लीग रबरी मॅटवर, बूट घालून खेळली जाते, आणि मातीत घसरत जाऊन घोटा धरणाऱ्या मुलाला मॅटवर तीच झेप गुडघा फोडणारी ठरते, पाय रोवण्याची सवय नव्याने लावावी लागते. हे वळण पंधरा-सोळाव्या वर्षी लागले तर सोपे जाते, विसाव्या वर्षी अवघड. आणि युवा खेळाडूंसाठीचे दार बाविसाव्या वर्षी बंद होते, त्यानंतर उरतो तो थेट लिलाव, ज्यात नाव पुकारले जाण्यासाठी आधी राष्ट्रीय स्पर्धेत दिसावे लागते. ‘एक गाव, एक संघ’ या अटीखाली सात जण आपल्याच गावचे उभे करण्याची सवय ज्या गावांना आहे, त्यांच्याकडे पुण्याच्या संघाला हवा असलेला कच्चा माल आहेच. जिल्हा क्रीडा संकुलात एक मॅट आणि ती अंथरून रोज सायंकाळी मुलांना खेळवणारा एक प्रशिक्षक यांचा खर्च शाडलूच्या एका सामन्याच्या मानधनाशी ताडून पाहावा: अवघ्या बावीस साखळी सामन्यांच्या हंगामात त्याच्या प्रत्येक सामन्यामागे दहा लाखांहून अधिक रुपये पडले होते.